आईच्या कुरणातले बीव्हर

बेर्झूपे, २१ फेब्रुवारी

श्री. झिग्मास यांस,

सोबतच्या कागदावर खाली उजवीकडे पेन्सिलने फुली केली आहे. तिथे सही करून उलट टपाली पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे, तेव्हा पोस्ट लांब पडतं हे कारण चालणार नाही.

ओढ्यावर बीव्हरांनी बांध घातला आहे आणि आईच्या कुरणाचा खालचा अर्धा भाग पाण्यात गेला आहे. जुन्या बर्चची तीन झाडं पाडली. शेजारी आल्बिनासच्या वावरात पाणी शिरून त्याचे बटाटे कुजले. बर्फ वितळला की तो खोदायचं यंत्र आणून बांध फोडणार आहे. पण कुरण आईमागे आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून कचेरीतल्या बाईला दोघांच्या सह्या हव्यात. मी तिला सांगितलं, दुसरा वारस अकरा वर्षांत फिरकलेला नाही. ती म्हणाली, "जिवंत आहे ना? मग सही हवी."

मी बरी आहे. तूही असशील.

एल्विरा

ता.क. विहिरीपाशी बर्फावरून घसरले, घोटा मोडला. पाय उशीवर टाकून लिहिते आहे म्हणून अक्षर असं आहे. म्हातारपणाने नव्हे.


१४ मार्च

झिग्मास,

कागद आला नाही. या वेळी पाकीट घालत नाही. क्लाइपेडासारख्या बंदराच्या शहरात पाकिटं मिळत असतील.

प्लास्टर अजून तीन आठवडे. ग्रंथालयातली युर्गिता दर मंगळवारी पुस्तकं आणून देते. तिला म्हटलं, आडवं पडून वाचलं की डोळे दुखतात. तर पुढच्या मंगळवारी ती खोकाभर डिस्क आणि त्या लावायचं यंत्र घेऊन आली. सगळ्या जनावरांच्या फिल्म.

मी म्हटलं, "अगं, मी तीस वर्षं दूध केंद्रावर काढली. मला जनावरं दाखवतेस?"

"मावशी, गाय सोडून जगात आणखीही जनावरं आहेत," ती म्हणाली आणि टीव्हीमागे शिरून वायरी खोचायला लागली.

पहिले दोन दिवस आवाज बंद ठेवून विणत बसले होते. तिसऱ्या दिवशी समुद्रातली पाणमांजरं आली. उताणी तरंगतात, पोटावर दगड ठेवतात आणि त्याच्यावर शिंपले आपटून फोडतात. मी विणकाम खाली ठेवलं. ही पाणमांजरं माणसांनी कातड्यासाठी मारली. ती गेली तसे तळाशी काटेरी गोळ्यांसारखे जीव असतात, ते माजले, कारण त्यांना खाणारं कोणी उरलं नाही. त्यांनी समुद्रातलं शेवाळाचं जंगलच्या जंगल कुरतडून टाकलं, आणि जंगल गेलं तसे त्यात वाढणारे मासेही गेले. स्वेटरचा एक टाका सुटला की कोपरापर्यंत उसवत जातो ना, तसं. मला हे एक्काहत्तराव्या वर्षी कळलं. शाळेत आपल्याला ससा उपयोगी आणि लांडगा निरुपयोगी एवढंच शिकवलं होतं.

मग बीव्हरची डिस्क लावली. शत्रूची माहिती असावी म्हणून.

आल्बिनास काल दूध घेऊन आला होता. त्याचं नेहमीचं सुरू झालं. "त्या उंदरांनी माझ्या ओढ्यातले मासे खाल्ले."

"बीव्हर मासे खात नाही. साल खातो, गवत खातो."

"कोण म्हणतं?"

"टीव्हीतला माणूस."

"तो टीव्हीतला माणूस आला होता का माझ्या ओढ्यावर?"

"तू तरी कधी बीव्हरच्या तोंडात मासा पाहिलास?"

"मग मासे गेले कुठे?"

"ते तुझ्या मेव्हण्याच्या जाळ्याला विचार."

त्याने दुधाचा कॅन आपटून ठेवला. बांध फोडायचा आहेच, त्यावर आमचं एकमत आहे. पण खोटं कशाला बोलायचं?

सही पाठव.

एल्विरा


२० एप्रिल

झिग्मास,

प्लास्टर निघालं. काठी टेकत कुरणापर्यंत गेले. जायचं कारण एवढंच की कागदावर किती जमीन बुडाली ते लिहायचं आहे.

फिल्ममध्ये बांध चार मिनिटांत तयार होतो. इथे मी उलट्या बादलीवर बसून आठ संध्याकाळी घालवल्या. त्यात एका फांदीचं स्थलांतर झालं. टीव्हीवाले हे कोणाला सांगत नाहीत. मधला सगळा कंटाळा कापून टाकतात आणि आपल्याला वाटतं, निसर्गात सारखं काहीतरी घडत असतं.

पण ती फिल्म पाहिली नसती तर मला तिथे फक्त चिखल दिसला असता. साठ वर्षं या ओढ्यावर धुणं धुतलं, आणि पाण्यातून सरळ रेघ ओढत जातं ते नाक आहे हे आता ओळखता यायला लागलं. दात नारिंगी असतात. मला वाटायचं घाणीने. तर त्यात लोखंड असतं म्हणे. अंधार पडायच्या आधी मोठी मादी बाहेर येते. शेपटीला एका बाजूने खाच आहे, म्हणून तिलाच ओळखते. काठावर कोणी आहे हे कळलं की ती शेपटी पाण्यावर फाडकन आपटते. मी आहे हे तिला आवडत नाही. मलाही ती आवडत नाही.

जिथे आपण गवत कापायचो तिथे क्रौंचाची जोडी उतरली आहे. सात जातींची बदकं मोजली, त्यातल्या चारांची नावं युर्गिताने पुस्तकातून काढून दिली. बेडकांचा आवाज इतका आहे की खिडकी लावून झोपते. लहानपणी आपण गावभर बेडूक शोधत हिंडायचो, आठवतं? पाटबंधाऱ्यावाल्यांनी ओढा सरळ केला त्या वर्षापासून गेले होते.

बांध फोडायचाच आहे. तेव्हा सही लागेल. घाई नाही.

एल्विरा


१७ मे

प्रिय झिग्मास,

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुझा टेपरेकॉर्डर गेला. पहिल्या पगारातून घेतलेला, आपणहून बाजू पलटणारा. तू जाताना माळ्यावर ठेवून गेलास तो.

झालं असं. एका फिल्ममध्ये सांगितलं की बीव्हर बांध घालतो तो पाणी पाहून नव्हे, पाण्याचा आवाज ऐकून. कुणा शास्त्रज्ञाने कोरड्या जागी वाहत्या पाण्याचा नुसता आवाज लावला, तर बीव्हरांनी त्या आवाजावर काटक्या आणि चिखल आणून टाकला. मला हे पटलं नाही. इतकी मूर्ख जनावरं असती तर आल्बिनासने कधीच पकडली असती.

म्हणून मी मोरीतला नळ सोडून त्याचा आवाज टेप केला. टेपरेकॉर्डर ढकलगाडीत घालून नेला, त्याच्यावर पिशवी गुंडाळली आणि काठावर कोरड्यात ठेवून घरी आले. सकाळी जाऊन पाहते तर टेपरेकॉर्डर नाही! त्या जागी गुडघाभर उंच ढीग, वर चिखल थापून गुळगुळीत केलेला. कान लावला तर आतून अगदी बारीक आवाज येत होता, माझ्या मोरीतल्या नळाचा.

झिग्मास, मी त्या ओल्या गवतात बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एकटीच. आल्बिनासला कुंपणापलीकडून ऐकू गेलं. तो धावत आला, मला वाटतं मी पुन्हा पाय मोडला असं समजून. त्याला दाखवलं. तो टोपी काढून डोकं खाजवत बराच वेळ उभा राहिला. "आणि हे काम फुकट करतात?" एवढंच म्हणाला.

ढीग उकरावासा वाटला नाही. नवा टेपरेकॉर्डर हवा असेल तर सांग.

एल्विरा


२६ जून

प्रिय झिग्मास,

कागद आला. धन्यवाद.

पाकिटात तुझी सही होती, दुसरं काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, फाडून पाहिलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं तेही एका नावापुरतं. 'झ'ची शेपटी अजून तशीच खाली नेतोस.

आणि आता मला तो कागद नको होता.

आल्बिनासला मी तीन दिवस सांगितलं, कागद आला नाही. चौथ्या दिवशी पोस्टमनने त्याला सांगितलं, आला म्हणून. गावात पोट दुखलं तरी आधी पोस्टमनला कळतं. आल्बिनास यंत्र घेऊन थेट अंगणात. इंजिन चालूच.

"दे कागद, एल्विरा."

"चुलीत घातला."

"काय?"

"चुलीत. पॅनकेक भाजत होते, त्याच्या खाली."

त्याने इंजिन बंद केलं. मग जे बोलला ते लिहीत नाही. पण शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून लिहिते. "तुला टीव्हीतली जनावरं दिसतात. माझे कुजलेले बटाटे टीव्हीत दाखवत नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत."

मी त्याला घरात बोलावलं. बिटाचं गार सूप वाढलं, गरम बटाटे दिले, आणि डिस्क लावली. त्यात एका ठिकाणी बांधातून पाईप घालतात. पाईपचं तोंड वरच्या बाजूला खोल पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की जास्तीचं गुपचूप निघून जातं. आवाज नाही, म्हणून बीव्हरला कळतही नाही. आल्बिनासने तेवढाच भाग पाच वेळा मागे नेऊन पाहिला. सूप तीन वाट्या झालं.

"पाईप माझ्याकडे पडलेला आहे," तो शेवटी म्हणाला. "पण मी हे तुझ्यासाठी करतो आहे. त्या उंदरांसाठी नाही."

शनिवारी पाईप बसला. दोघं कमरेपर्यंत भिजलो. पाणी वीतभर उतरलं. त्याचं वावर मोकळं झालं, आणि कुरणातलं तळं राहिलं.

तुझी सही वाया घालवली याचं वाईट वाटतं. तुला ती करायला चार महिने लागले होते.

एल्विरा


३ जुलै

झिग्मास,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे.

रविवारी हिमबिबट्याची फिल्म होती. ती संपल्यावर शेवटी दहा मिनिटं, ती कशी काढली ते दाखवतात. एक माणूस डोंगरावर दगडांच्या आडोशाला चाळीस दिवस बसला. दाढीला बर्फ. चाळीसाव्या दिवशी बिबट्या आला, एक मिनिट दिसला, गेला. आणि तो माणूस रडला.

मी टीव्ही बंद केला. मला आपल्या ओसरीवरचा फोन दिसत होता. आईच्या पलंगापासून बारा पावलं.

तू आईच्या दफनाच्या दिवशी विचारलंस, "कधीपासून असं होतं?" मी म्हटलं, "अचानकच. रविवारपासून." तू माझ्याकडे बघत राहिलास. मग पाद्रीबाबा कोणाला तरी सांगत होते की गुरुवारी त्यांनी तिला शेवटचा संस्कार दिला, तेव्हा तू ताटावरून उठलास आणि गेलास. मी तुझ्याशी खोटं बोलले हे तेव्हापासून मला माहीत आहे आणि तुलाही. पण मी ते लिहून दिलेलं नव्हतं. आता लिहिते.

आई बुधवारी रात्री कोसळली. गुरुवारपासून तुझं नाव घेत होती. मी तुला रविवारी संध्याकाळी फोन केला. सोमवारी पहाटे ती गेली, आणि तू दुपारी पोचलास.

आधी फोन का केला नाही ते सांगते. मी तिला पुसत होते, कूस बदलून देत होते, चमच्याने पाणी घालत होते, आणि ती म्हणत होती, "झिगू आला का?" मी म्हणायचे, "येतोय." तिला वाटावं की तू वाटेत आहेस. मला वाटलं, तू आलास की माझ्याकडे ती बघणारसुद्धा नाही. एकदा तरी माझं नाव घेऊ दे, मग फोन करते. गुरुवारी असं वाटलं, शुक्रवारी वाटलं, शनिवारी वाटलं. तिने घेतलं नाही.

क्षमा माग म्हणून कोणी सांगितलेलं नाही. मी मागते आहे.

तुझी ताई


११ ऑगस्ट

प्रिय झिगू,

तुझं पत्र आलं. चार ओळी आहेत. मी त्या पाठ केल्या आहेत, तेव्हा पत्र हरवलं तरी चालेल. "ताई, वाचलं. बरं केलंस. सप्टेंबरात चार दिवस येऊ का? ते उंदीर बघायचे आहेत." उंदीर नाहीत ते. आलास की समजावते.

इकडे जूनच्या शेवटापासून पाऊस नाही. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या. आपली आटली नाही, उलट दोन हात वर आहे. युर्गिता म्हणते, तळ्यातलं पाणी जमिनीतून मुरत मुरत विहिरीपर्यंत येतं. फिल्ममध्ये हे नकाशावर निळ्या रंगात दाखवलं होतं. मला वाटलं होतं, रंगवायला काय जातं. आता ते माझ्या बादलीत आहे.

कुरणाभोवतीचं गवत हिरवं आहे, बाकी सगळं कागदासारखं. आल्बिनासच्या गाई माझ्या बाजूला चरतात. सकाळी तो कॅन घेऊन विहिरीवर येतो, तेव्हा मी काही बोलत नाही. नुसती उभी राहते.

"बोलून टाक," तो काल म्हणाला. "पोटात ठेवून आजारी पडशील."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

मग दोन कॅन उचलून निघाला आणि फाटकापाशी थांबून म्हणाला, "विलोची एक फांदी तोडून बांधावर टाकली आहे. कोवळी आहे. खातात का बघ."

पिलं तीन आहेत. नक्की ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. गादी उन्हात घातली.

ताई


९ ऑक्टोबर

झिगू,

चार दिवस माझ्या शेजारी बादलीवर बसलास. पहिल्या संध्याकाळी बंदरातल्या क्रेनच्या गोष्टी इतक्या मोठ्याने सांगितल्यास की एकही बीव्हर फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी काठावर घोरत पडलास, आणि सगळ्यात लहान पिलू तुझ्या बुटापासून हातभर अंतरावर गवत खाऊन गेलं. मी तुला उठवलं नाही. मशरूम वेचले, बाबांच्या न्हाणीघरात वाफ घेतली, आईच्या कबरीवर गेलो. आणि बोलायचं ते तू बसच्या पायरीवर चढेपर्यंत राखून ठेवलंस.

"ताई, आईचं मला शुक्रवारीच कळलं होतं. आल्बिनासच्या बायकोने फोन केला होता."

आणि दार बंद.

मी थांब्यावर उभी. बस वळणाआड गेली तरी उभी. घरी आले आणि कोबी चिरायला घेतला. हिवाळ्यासाठी मला आठ गड्डे पुरतात. मी एकवीस चिरले. आल्बिनासने खिडकीतून विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" मी त्यालाही धरलं: तुझ्या बायकोने फोन केला हे अकरा वर्षांत सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुला विचारलं तर तू नको म्हणशील, म्हणून तिने न विचारताच केला. बिचारी आता नाही, तिला कशाला मध्ये आणू?"

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी संतापले होते जितकी स्वतःवरही कधी संतापले नव्हते. शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज गाडी होती. मी अकरा वर्षं समजत होते की तू माझं तोंड बघायला तयार नाहीस. आणि तू तुझं तोंड लपवत होतास.

काल फोनवर शेवटी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ताईने बोलावलं की जाईन, असं म्हणत बसलो. तू बोलावलं नाहीस. मी निघालो नाही." मग मला हसू आलं आणि तुलाही. आपण एकाच आईची पोरं आहोत याला दुसरा पुरावा नको.

फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. तू तीनशे किलोमीटरवर हट्ट धरून बसला होतास. मी तिच्या उशाशी बसून तोच हट्ट धरला होता. ती तुझी वाट बघत होती ते ऐकून मी कष्टी झाले. पण ती माझीही वाट बघत असेल, ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी खोलीत होते, तरी तिच्याजवळ नव्हते. आज सकाळी कबरीवर गेले, पानं झाडली आणि हे तिला दोघांच्या वतीने सांगून आले. बरं वाटलं. तिथून थेट कुरणात गेले.

त्यांची हिवाळ्याची तयारी चालू आहे. विलोच्या फांद्या तळाच्या चिखलात खोचतात, म्हणजे वर बर्फ धरला तरी खालून जेवण. खाचेच्या शेपटीची मादी मला पाहून आता शेपटी आपटत नाही. लहान पिलू एक काटकी घेऊन येतं, ती खोचतं, ती सुटून वर तरंगते, ते पुन्हा बुडी मारतं. आज मी अकरा वेळा मोजलं. बाराव्या वेळी थंडी वाजली म्हणून घरी आले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ये. रिवाजाचे बारा पदार्थ मी एकटीसाठी कधी केले नाहीत, तीनच करायचे. या वर्षी सगळे करीन. हेरिंग मासा तू बंदरावरून आण, इथला खारवलेला लाकडासारखा असतो. ताटं तीन मांडीन, तुझं, माझं आणि रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाचं. आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं असतं. उशीर झाला तर वाट बघणार नाही, असं लिहिणार होते.

बघेन.

ताई